नेमाचा अभ्यास : कै. रमाबाई रानडे यांचें चरित्र

परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडून एकच तक्रार ऐकूं येते. अभ्यास करावयाचा आहे, पण वेळ मिळत नाहीं. घरांत निवांतपणा नाहीं. पुस्तक उघडलें तरी मन ठिकाणावर राहत नाहीं. पालक भेटतात तेहि बहुधा हेंच सांगतात, फक्त दोष कोणाचा एवढ्यापुरता दोघांचा मतभेद असतो. या तक्रारींत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. घरें लहान आहेत, माणसें पुष्कळ आहेत, आणि करमणुकीचीं साधनें आतां खिशांत मावूं लागलीं आहेत. तथापि ज्या बाईस वेळ नव्हता, निवांतपणा नव्हता, आणि शिकण्यास घरच्यांची संमतिहि नव्हती, अशा एका बाईनें विद्या कशी मिळविली हें आम्ही आज आमच्या बालवाचकांस सांगणार आहों. तिच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा भाग आपल्या या नाशिक शहरांतच घडला, म्हणून तिचें चरित्र आपणांस विशेष जवळचें वाटावें.

रमाबाईंचा जन्म ता. २५ जानेवारी १८६२ रोजीं देवराष्ट्रें या गांवीं झाला. तें गांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें. आतां तें सांगली जिल्ह्यांत मोडतें. त्यांचें माहेर कुर्लेकर जहागीरदारांचें, आणि माहेरचें नांव यमुना. घर खाऊन-पिऊन सुखी होतें. परंतु मुलींस लिहिणें-वाचणें शिकविण्याची चाल त्या काळीं बहुतेक घरीं नव्हती, तशी तेथेंहि नव्हती. अकराव्या वर्षापर्यंत यमुनेस एक अक्षरहि येत नव्हतें.

सन १८७३ च्या डिसेंबरांत तिचें लग्न पुण्याचे न्यायाधीश महादेव गोविंद रानडे यांच्याशीं झालें. रानडे हे मूळचे आपल्याच जिल्ह्याचे. त्यांचा जन्म सन १८४२ त निफाड येथें झाला. मुंबई विश्वविद्यालयाच्या सन १८५९ मधील पहिल्या प्रवेश परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकीं ते एक. लग्नाच्या वेळीं ते एकतीस वर्षांचे व वधू अकरा वर्षांची होती. रानडे यांची पहिली पत्नी त्याच वर्षीं वारली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असल्यामुळें त्यांनीं आतां विधवेशींच विवाह करावा अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. या गोष्टीबद्दल लोकांनीं त्यांस पुष्कळ दोष दिला, आणि तो सर्वस्वीं अनाठायीं होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. मोठ्या माणसांच्या चरित्रांत जें उणें असेल तें झांकून ठेवल्यानें तीं अधिक मोठीं होत नाहींत. मात्र एक गोष्ट रानड्यांनीं त्याच दिवशीं आरंभिली, आणि ती शेवटपर्यंत सोडली नाहीं. लग्न होऊन मुलगी घरीं आली, त्याच रात्रीं त्यांनीं तिला वाचतां येतें का म्हणून विचारिलें. येत नाहीं असें कळल्यावर पाटी-पेन्सिल घेतली, आणि पहिलीं कांहीं अक्षरें तेव्हांच गिरवून घेतलीं.

येथें आमच्या वाचकांनीं क्षणभर थांबावें. विद्येचे फायदे कोणते, यावर त्या रात्रीं व्याख्यान झालें नाहीं. उद्यांपासून, चांगला दिवस पाहून, नवीं पुस्तकें आणून आरंभ करूं, असाहि बेत झाला नाहीं. हाताशीं पाटी होती, अक्षरें थोडीं होतीं, आणि आरंभ त्याच दिवशीं झाला. पुढें दिवसाचीं कामें आटोपल्यावर रात्रीं धडा घेण्याचा क्रम पडला. थोड्याच दिवसांत मुळाक्षरें व बाराखडी येऊन यमुना, म्हणजे आतांची रमा, शब्द जुळवून वाचूं लागली. आज दहा पानें व उद्यां एकहि नाहीं, असें त्या अभ्यासाचें नव्हतें. रोज थोडें, पण रोज, हा त्याचा नियम होता.

कांहीं दिवसांनीं पुण्याच्या फीमेल ट्रेनिंग कॉलेजांतील एका शिक्षिकेची घरीं शिकविण्यासाठीं योजना झाली, आणि खरी अडचण तेथून सुरू झाली. रानड्यांचें घर मोठें, एकत्र कुटुंबाचें होतें. सासू, नणंद व नात्यांतील इतर वडीलधाऱ्या बायका यांची घरावर सत्ता. त्यांच्या दृष्टीनें सुनेनें हातीं पुस्तक धरणें म्हणजे वडील माणसांचा अपमान करणें होतें. मराठी वाचणें एक वेळ त्यांनीं सोसलें असतें. परंतु पुढें रानड्यांनीं इंग्रजीचा आरंभ केला तेव्हां त्यांचा राग अनावर झाला. टोमणे, अबोला, मुद्दाम काढलेलीं कामें, चारचौघींत केलेली थट्टा, असें सर्व कांहीं त्या कोवळ्या मुलीच्या वाट्यास आलें. एकदां घरकाम करितांना इंग्रजी वर्तमानपत्राचा एक तुकडा हातीं आला आणि तो वाचतां येतो का, हें ती पाहूं लागली; तेवढ्यावरून घरांत केवढें वादळ उठलें!

अशा वेळीं कोणत्याहि मुलीस दोन वाटा सुचल्या असत्या. एक, अभ्यास सोडून द्यावा आणि घरांत सुखानें राहावें. दुसरी, रोज रात्रीं पतीपाशीं रडून घरच्या बायकांची कागाळी सांगावी. रमाबाईंनीं या दोन्ही वाटा टाळल्या. आपल्या वांट्याचें घरकाम त्या आधीं पुरें करीत, म्हणजे अभ्यासाकरितां काम टाकलें असें म्हणण्यास कोणास जागा राहूं नये. उलट उत्तर त्या देत नसत. घरांतलें बोलणें शक्य तोंवर पतीच्या कानावर जाऊं देत नसत. आणि हें सर्व करून जो वेळ उरे, त्यांत माडीवरच्या आपल्या खोलींत जाऊन दुसऱ्या दिवसाचा धडा तयार करीत. भांडणांत घालविलेला वेळ हा अभ्यासाच्याच वेळांतून जातो, ही गोष्ट बारा-तेरा वर्षांच्या त्या मुलीनें ओळखली होती. आमच्यापैकीं कितीजणांस ती अजूनहि उमगलेली नाहीं!

मात्र त्या घरांतील बायकांस दुष्ट ठरवून मोकळें होणें आम्हांस बरें वाटत नाहीं. त्यांच्यापैकीं कित्येकींस आयुष्यांत शिकण्याची संधि कधींच मिळाली नव्हती. कांहींच्या कपाळीं वैधव्य आलें होतें. जें आपणांस कोणीं दिलें नाहीं, तें घरांत नव्यानें आलेल्या मुलीस मिळत आहे, हें पाहून मनास काय वाटत असेल याचा विचार रमाबाईंनीं पुढें मोठेपणीं केलेला दिसतो. कारण त्यांच्या पुढील कार्याचा पाया नेमक्या अशाच स्त्रियांसाठीं घातला गेला. तो भाग ओघानें पुढें येईल.

सन १८७८ त रानडे यांची बदली नाशिकास झाली, आणि सोळा वर्षांच्या रमाबाई त्यांच्याबरोबर आपल्या या गोदातीरीं आल्या. पुण्याच्या भरल्या वाड्यांतून त्या आल्या होत्या. येथें बिऱ्हाड त्यांच्या एकटीच्या हातांत आलें. टोमणे मारणारें कोणी नव्हतें, पुस्तक लपविण्याचें कारण उरलें नव्हतें. आतां अभ्यास सोपा झाला असेल, असें वाचकांस वाटेल. एका अर्थीं तो सोपा झालाहि. परंतु दुसऱ्या अर्थीं खरी परीक्षा येथेंच होती. पुण्यास अभ्यासाचा वेळ चोरून काढावा लागे, म्हणून तो मोलाचा वाटे. नाशिकास सारा दिवस आपला होता. ज्यास सारा दिवस मोकळा मिळतो त्याचा दिवस कसा निसटून जातो, हें सुटीच्या दिवसांत आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें अनुभविलें आहे. रमाबाईंनीं तो निसटूं दिला नाहीं. घरचा कारभार, पाहुण्यांची उठबस आणि अभ्यास, यांस आपापली वेळ ठरली, आणि पतीच्या देखरेखीखालीं इंग्रजीचा अभ्यास येथें झपाट्यानें पुढें गेला. पुण्यास संकटानें जी शिस्त लाविली होती, ती नाशिकास त्यांनीं आपली आपण पाळली. दुसऱ्यानें लावलेली शिस्त स्वतःची होणें, यालाच आम्ही शिक्षणाचें अर्धें फळ समजतों.

नाशिकांतच आणखी एक गोष्ट घडली. त्या वेळीं लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख हेहि येथें न्यायखात्यांत होते, आणि स्त्रियांनीं घराबाहेर पडून एकत्र जमावें, मुलींच्या शिक्षणास उत्तेजन द्यावें, अशी खटपट चालली होती. अशांतच शाळेच्या एका समारंभांत रमाबाईंनीं सभेपुढें उभें राहून पहिल्यानें भाषण केलें. भाषणाचा मजकूर रानड्यांनीं लिहून दिला होता. पांच वर्षांपूर्वीं जिला एक अक्षर येत नव्हतें, ती मुलगी चारचौघांदेखत उभी राहून लिहिलेलें भाषण वाचते, हें दृश्य नाशिककरांनीं तेव्हां पाहिलें. दुसऱ्यानें लिहून दिलेलें भाषण वाचण्यांत मोठेपणा तो काय, असें कोणी म्हणेल. परंतु पोहावयास शिकणारा पहिल्या दिवशीं पाठीस भोपळा बांधूनच पाण्यांत उतरतो. पुढें रमाबाई मराठींत व इंग्रजींत स्वतःच्या विचारानें व स्वतःच्या शब्दांत बोलूं लागल्या. त्याचा आरंभ या शहरांत झाला.

नाशिकचें वास्तव्य सुमारें एका वर्षाचें ठरलें. सन १८७९ त रानड्यांस धुळ्यास जावें लागलें. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस होते, आणि सरकारची नजर रानड्यांवरहि होती. पुढें बिऱ्हाड पुन्हां पुण्यास आलें, आणि जुन्या घराबरोबर जुना त्रासहि परत आला. मिस हरफर्ड नांवाच्या एक इंग्रज बाई रमाबाईंस इंग्रजी शिकविण्यास येऊं लागल्या. त्यांचा स्पर्श झाला म्हणून धडा संपल्यावर स्नान केल्यावांचून घरांत कशासहि हात लावावयाचा नाहीं, असें ठरलें. रमाबाईंनीं तेंहि मान्य केलें. धडा मात्र सोडला नाहीं. पुण्यांत मुलींसाठीं हायस्कूल निघावें म्हणून जी मोठी सभा भरली, तींत इंग्रजी निवेदन वाचण्याचें काम त्यांच्याकडे आलें, आणि तें त्यांनीं उत्तम प्रकारें पार पाडलें. सभेंत टाळ्या मिळाल्या. घरीं मात्र बोलणीं ऐकावीं लागलीं. तें हायस्कूल सन १८८४ मध्यें सुरू झालें, आणि हुजूरपागा या नांवानें आज सर्व महाराष्ट्रास परिचित आहे.

ज्या गुरूनें हा नेम लाविला, तो स्वतः कसा होता हेंहि सांगितलें पाहिजे. कारण मुलांस नेम शिकवावयाचा तर तो मोठ्यांच्या वागणुकींत दिसावा लागतो. रानड्यांचें वाचन अफाट होतें. परंतु विद्यार्थिदशेंत त्यांनीं वाचनाचा अतिरेक केला आणि त्यामुळें डोळे बिघडून कांहीं काळ वाचन बंद ठेवावें लागलें. दृष्टीचा तो अधूपणा त्यांस जन्मभर पुरला. उत्तर वयांत दुसऱ्यांकडून वर्तमानपत्रें व पुस्तकें वाचवून घेण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि हें वाचण्याचें काम पुष्कळदां रमाबाईंनींच केलें. नेमाचा अभ्यास वेगळा आणि परीक्षेच्या तोंडावर रात्रीच्या रात्रीं जागून केलेला अतिरेक वेगळा. पहिल्यानें मनुष्य वाढतो, दुसऱ्यानें झिजतो. रानड्यांसारख्या बुद्धिमंतासहि त्यासाठीं किंमत द्यावी लागली, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

पुढील आयुष्यांत मात्र मोजून वागण्याची संवय रानड्यांनीं अंगीं बाणविली होती. रमाबाईंनीं आंब्याची एक गोष्ट सांगितली आहे. एकदां घरीं उत्तम हापूस आंबे आले. रमाबाईंनीं फोडी करून दिल्या. रानड्यांनीं एक-दोन फोडी खाल्ल्या, गोडीची तारीफ केली, आणि हात आवरला. आंबा चांगला असतांना पुढें कां खात नाहीं, असें रमाबाईंनीं विचारिलें, तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, जिभेस आवडतें म्हणूनच तेथें थांबावयाचें. चांगलें लागत असतांना थांबतां आलें तरच जीभ आपल्या ताब्यांत आहे. पुस्तक बाजूस सारून जे विद्यार्थी आणखी थोडाच वेळ म्हणत खेळांत किंवा करमणुकींत तासचे तास घालवितात, त्यांनीं या आंब्याच्या फोडीचा विचार करून पाहावा. वाईट गोष्ट सोडणें फारसें कठीण नाहीं. आवडती गोष्ट ठरल्या वेळीं सोडणें हीच खरी कसोटी.

दुसरी गोष्ट कलकत्त्याची आहे. सन १८८६ च्या सुमारास सरकारी कामासाठीं रानड्यांस तेथें राहावें लागलें. बंगाली लोकांत राहावयाचें तर त्यांची भाषा यावी, म्हणून त्यांनीं बंगाली पुस्तकें आणविलीं आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हां अक्षरें गिरविण्यास बसले. दाढी करावयास न्हावी येई, तेव्हांहि पुस्तक हातांतच असे. वाचतां वाचतां अडलेल्या शब्दाचा उच्चार व अर्थ ते त्या न्हाव्यालाच विचारीत. शेजारच्या खोलींतून हें ऐकून रमाबाईंस हंसूं आवरेना. हायकोर्टाच्या योग्यतेचा विद्वान आणि त्याचा गुरु न्हावी! त्यावर, ज्याच्यापासून जें मिळेल तें शिकावें, दत्तात्रेयांनीं चोवीस गुरु केले होते, अशा अर्थाचें उत्तर त्यांस मिळालें. नंतर रमाबाईहि बंगाली शिकल्या. घरीं शिकवणी नाहीं, चांगला मार्गदर्शक नाहीं, म्हणून जे अडून बसतात, त्यांच्यासाठीं ही गोष्ट आम्ही येथें दिली आहे.

सन १८९३ त रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले, आणि ता. १६ जानेवारी १९०१ रोजीं त्यांचें देहावसान झालें. रमाबाई तेव्हां एकोणचाळिशींत होत्या. अपत्य नव्हतें. ज्याच्यापाशीं बसून अक्षरें गिरविलीं, ज्याला रोज वाचून दाखविलें, तोच गेला. आतां कोणासाठीं शिकावयाचें, असें वाटून सारें थांबलें असतें तर कोणीं दोष दिला नसता. त्या वेळच्या रूढीप्रमाणें विधवेनें घराच्या कोपऱ्यांत बसावयाचें असे. कांहीं काळ त्याहि एकांतांत राहिल्या. परंतु सत्तावीस वर्षें पाळलेला नेम हा आतां पतीचा राहिला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा झाला होता. त्यांनीं पतीचीं धर्मविषयक व्याख्यानें प्रसिद्ध केलीं, आणि सन १९१० त आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी हें पुस्तक प्रसिद्ध केलें. मराठी आत्मचरित्रांत या पुस्तकाचें स्थान फार वरचें आहे. अकराव्या वर्षीं जिला स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें, तिचें हें पुस्तक आहे, एवढें ध्यानांत ठेवून तें वाचावें.

सन १९०८ त बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या पुढाकारानें मुंबईस सेवासदन ही संस्था निघाली. तिचें अध्यक्षस्थान रमाबाईंनीं स्वीकारलें. सन १९०९ त पुण्यास सेवासदन सुरू झालें, आणि त्यांच्या पुढील आयुष्याचें तेंच कार्य झालें. तेथें कोणास शिकविलें जात असे? ज्यांचें शाळेचें वय निघून गेलें होतें अशा विवाहित स्त्रियांस, आणि जिणें ओझें झालेल्या विधवांस. लिहिणें-वाचणें, शिवण, शिक्षिकेचें व परिचारिकेचें शिक्षण घेऊन या स्त्रिया आपल्या पायांवर उभ्या राहूं लागल्या. ज्या बायकांनीं रमाबाईंच्या हातांतील पुस्तकाचा राग केला होता, तशाच बायकांच्या हातांत त्यांनीं पुस्तक दिलें. छळाची परतफेड याहून थोर रीतीनें झाल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. पुण्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हां तें मुलांबरोबर मुलींसहि लागू करावें यासाठीं सन १९२० च्या सुमारास त्या वार्धक्याकडे झुकलेल्या असतांनाहि रस्त्यावर उतरल्या. सन १९२४ त त्या वारल्या. सन १९६२ त, त्यांच्या जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

विद्यार्थि-मित्र हो, हें चरित्र वाचून तुम्हीं आजच मोठमोठे संकल्प करावे असें आम्ही सांगत नाहीं. मोठे संकल्प बहुधा आठवड्याच्या आंत मोडतात. दिवसांतील एक ठराविक वेळ अभ्यासाची म्हणून निवडा. ती लहान असली तरी चालेल, परंतु ती रोजची असावी. घरचें काम टाकून पुस्तक धरूं नका. काम संपवून धरा, म्हणजे मनास टोचणी राहणार नाहीं. गोंगाट असेल तर त्याच्याशीं भांडूं नका, कोपरा शोधा. अडलेला शब्द विचारण्यास लाजूं नका, मग सांगणारा कोणीहि असो. आणि सुटीच्या मोकळ्या दिवसांत, जेव्हां कोणीहि विचारणारें नसतें, तेव्हां ती ठरलेली वेळ पाळून पाहा. सोळा वर्षांच्या रमाबाईंनीं नाशिकांत हेंच केलें.

पालकांसहि आमची दोन शब्दांची विनंति आहे. रमाबाईंची जिद्द थोर खरी, पण तशी जिद्द प्रत्येक मुलामुलींत असेलच असें नाहीं, आणि ती असावी म्हणून घरानें त्यांस छळावें, असें तर मुळींच नाहीं. त्या एका रमाबाई टोमणे सोसून शिकल्या. न सोसवून ज्यांनीं पाटी खालीं ठेविली, त्यांचीं चरित्रें कोणीं लिहिलीं नाहींत. म्हणून संध्याकाळीं मूल पुस्तक घेऊन बसलें कीं त्यास काम सांगून उठवूं नये, शेजारीं मोठ्यानें गप्पा मारूं नयेत, आणि विशेषतः मुलीच्या अभ्यासाची वेळ ही घरांत उरलेली वेळ समजूं नये. जमल्यास त्या वेळीं आपणहि कांहीं वाचीत बसावें. पहिल्या रात्रीं रानड्यांनीं केलें तेवढेंच आपण करावयाचें आहे. पाटी हातीं द्यावयाची, जवळ बसावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच वेळीं जवळ येऊन बसावयाचें.